त्या रविवारच्या नोंदी

मुनीराआपा,

परवा कॉलेजात तुमची शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, "मॅडमचं आमच्या प्राणी प्रयोग समितीला नेहमीच सहकार्य लाभलं." मी मागच्या रांगेत होतो. शेजारी लोहारे डॉक्टर, आपल्या समितीतले पशुवैद्य. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि रुमालानं चष्मा पुसायला घेतला. तुम्ही असतात तर प्राचार्यांना तिथंच थांबवलं असतंत. सात वर्षांत तुम्ही आम्हाला सुखासुखी एक सही दिली नाहीत.

बोलणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव होतं. घसा बसलाय असं सांगून मी टाळलं. घशाला काही झालं नव्हतं. आदल्या दिवशी तुमच्या घरी जे ऐकून आलो होतो ते डोक्यातून जात नव्हतं, आणि ते मनात ठेवून तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलणं मला जमणार नव्हतं. माझा तुमच्यावर राग आहे, आपा. कब्रस्तानात तुम्हाला मिट्टी देऊन आलो त्याला आठवडा झाला नाही, आणि मी तुमच्याशी भांडायला बसलोय.

तशी आपली सुरुवातच भांडणानं झाली. प्राण्यांवर प्रयोग करायचे तर समितीत विज्ञानाशी संबंध नसलेला बाहेरचा एक माणूस लागतो, असा नियम आहे. निवृत्त शिक्षिका, नांदेडातच इतवाऱ्यात राहतात, शाळेत मराठी शिकवायच्या, स्वभावानं शांत, एवढीच तुमची माहिती आमच्याकडे आली होती. शांत हे खरं निघालं. तुम्ही आवाज कधी चढवला नाहीत. पहिल्याच बैठकीत माझ्या अर्जाची पानं सावकाश उलटलीत, एका ओळीवर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "कदमसर, इथं लिहिलंय की विष दिल्यावर जनावराचं मरेपर्यंत निरीक्षण करायचं. मरेपर्यंत कायकू?"

मी समजावून सांगितलं. किनवटच्या जंगलातल्या गावांत साप चावला की एक मुळी उगाळून देतात. ती खरंच चालते का, हे कुणी तपासलेलं नाही. उंदरांना घोणस सापाचं मोजून विष द्यायचं, त्यातल्या काहींना मुळीचा अर्क द्यायचा, काहींना नाही, आणि कोण जगतं ते बघायचं. जगला की मेला, हेच आमचं मोजमाप.

"म्हणजे तो तडफडून राहिला, आता उठत नाही हे तुम्हाला दिसून राहिलं, तरी तुम्ही पेन धरून बसणार?"

"मध्येच थांबवलं तर आकडे चुकतात, मॅडम."

"मग आधीची एखादी खूण शोधा. जी दिसली की पुढं मरणारच हे पक्कं कळेल. मला त्यातलं कळत नाही, तुम्ही शिकलेले आहात म्हणून सांगते."

तीन बैठका तुम्ही माझा अर्ज अडवून धरलात. "ही बाई माझं काम बुडवणार," असं मी घरी बायकोला सांगितलं होतं. पण रागारागात का होईना, खूण शोधली. उंदीर आडवा केल्यावर परत वळत नसेल आणि त्याचं अंग गार पडलं असेल, तर तो वाचत नाही. तिथं थांबून त्याला भूल देऊन शांत केलं तरी निष्कर्षाचं काही बिघडत नाही. तुमच्या प्रश्नानं माझा प्रयोग सुधारला. हे मी तुम्हाला एकदाही बोलून दाखवलं नाही.

परवानगी मिळाली ती तुमच्या अटींवर. विष दिल्यापासून संध्याकाळपर्यंत कुणीतरी शिकलेला माणूस उंदरांपाशी हजर राहील. दर तासाला नोंद होईल. खूण दिसली की थांबायचं, वाट बघायची नाही. खाली माझी सही होती, आणि तुमचीही.

मग तुम्ही न सांगता यायला लागलात. डोक्यावरचा पदर सावरत प्राणिगृहाच्या दारात उभ्या राहायच्या. पिंजऱ्यांचं खाणंपाणी बघणारे आमचे माणिकराव तुम्हाला स्टूल द्यायचे. मी कपाळाला आठ्या घालायचो. अशाच एका दिवशी तुम्ही विचारलंत, "सापाचंच काम का घेतलंत, सर?"

माझ्या तोंडून निघून गेलं. हदगावला श्रीरंगला, माझ्या चुलत भावाला, सोयाबीनमध्ये घोणस चावली तेव्हा घरात मोठे माझे वडील होते. त्यांनी घरात ठेवलेली मुळी उगाळून पाजली आणि उतार पडतो का ते बघत दुपारपर्यंत थांबले. मग जीप केली. श्रीरंगनं अर्धापूरच्या पुढं जीपमध्येच जीव सोडला. मागं बायको आणि लहान मुलगी. वडील त्या दिवसापासून मोजकंच बोलतात.

तुम्ही स्टूल जवळ ओढलंत. मग म्हणालात, "कदमसर, तुम्हाला औषध पायजे का वडिलांची सुटका पायजे?"

मी तुम्हाला तिथंच सोडून बाहेर निघून गेलो होतो. आठवतं ना? आठवडाभर तुमचा फोन घेतला नाही. प्रश्न चुकीचा होता म्हणून नाही. तो मी स्वतःला विचारायचं टाळत आलो होतो.

आता त्या रविवारचं लिहितो. मे महिना होता. श्रीरंगच्या मुलीचं हदगावला लग्न होतं, आणि बापाच्या जागी कन्यादानाला मी उभं राहावं असं वडिलांनी ठरवलं होतं. इकडं विष विरघळवून तयार होतं, ते ठेवून चालणार नव्हतं, आणि अहवालाची तारीख तोंडावर आली होती. मी सकाळी आठला उंदरांना विष दिलं. नऊची नोंद केली. दहाची केली. माणिकरावांची रविवारी सुट्टी, ते फक्त संध्याकाळी पाण्यापुरते यायचे. माझ्या विद्यार्थिनीला बोलावता आलं असतं. पण मग मी जातोय हे कुणाला तरी सांगावं लागलं असतं. साडेबाराचा मुहूर्त, दोन-अडीचपर्यंत परत, असं स्वतःला सांगून मी प्राणिगृहाला कुलूप लावलं.

परतायला चार वाजले. वीज गेलेली होती. कूलर बंद, आणि जनरेटर सुरू करायला कुणी नव्हतं. दार उघडलं तशी आतली गरम हवा तोंडावर आली. विष दिलेले सगळे मेले होते. मुळी दिलेलेही. शेजारच्या पिंजऱ्यात ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्यातलेही बरेच. पाण्याच्या बाटलीच्या नळीखाली एकावर एक पडले होते. मी बाहेरच्या नळावर गेलो, तोंड धुतलं आणि किती तरी वेळ तिथंच उभा राहिलो.

परत आत आलो तर माणिकराव आलेले होते. त्यांच्याशी न बोलता मी टेबलाशी बसलो, रजिस्टर उघडलं आणि अकराची नोंद लिहिली. मग बाराची. मग एकची. सुस्त. गार. वळत नाही. भूल दिली. मृत. सगळं एका बैठकीत लिहिलंय असं दिसू नये म्हणून मध्ये पेन बदलला. वीज गेल्याची वेळ मी तीननंतरची टाकली, म्हणजे प्रयोग आधी संपला आणि उष्णतेचं नंतर झालं असं वाटावं.

माणिकराव मागं उभे होते. "सर, तुमी आज लग्नाला जानार व्हते ना?"

"माणिकराव, पाणी भरा."

ते पाणी भरायला गेले.

सोमवारी सकाळी तुम्ही आलात. एका हातात फोन होता, दुसऱ्या हाताचं बोट रजिस्टरच्या ओळींवरून खाली नेलंत. "पेन बदलला का, सर?" मी म्हणालो, "संपला." तुम्ही रजिस्टर मिटून जागेवर ठेवलंत.

बुधवारी लातूरच्या एका पेपरात तो फोटो आला. नळीखाली पडलेला तो ढीग. खाली मथळा, नांदेडच्या कॉलेजात मुक्या जिवांचे हाल. दुपारपर्यंत फाटकापुढं माणसं जमली. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "कुणी काढला हा?" आणि माझ्या डोळ्यांपुढं तुमच्या हातातला फोन आला. मी तसाच तुमच्या घरी आलो. तुम्ही ओट्यावर कोथिंबीर निवडत बसला होतात. मी चपलाही काढल्या नाहीत.

"फोटो तुम्ही दिलात."

"नाही."

"मग कुणी दिला?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"हौ. माहीत आहे."

मला ते सगळं खोटं वाटलं. पायरीवर उभं राहून मी काय काय बोललो ते तुमच्या सुनेनं ऐकलं, शेजारच्यांनी ऐकलं. विश्वासघात हा शब्द मी दोनदा वापरला. तुम्ही कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "बसा तरी." मी बसलो नाही.

पंधरा दिवसांनी लातूरला प्राणिप्रेमींनी खुली सभा बोलावली. कॉलेजनं मला पाठवलं. तुम्हाला कुणी पाठवलं नव्हतं, तरी तुम्ही त्याच एसटीत पुढच्या सीटवर बसलेल्या दिसलात. मी मागं जाऊन बसलो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा तुम्ही माझ्यापर्यंत चालत आलात. "उतरा सर, चहा घेऊ. भांडण बसून राहील सीटवर, कुठं जात नाही." आपण स्टँडवर उभं राहून चहा घेतला. तुम्ही एकदाच बोललात. "आज विचारतील. नीट सांगा." मी म्हणालो, सांगण्यासारखं काही नाही, रजिस्टर आहे. तुम्ही कप खाली ठेवलात आणि गाडीत जाऊन बसलात.

सभागृह भरलं होतं. सभा चालवणाऱ्या वकीलबाई तरुण होत्या, तयारी करून आलेल्या. मी प्रयोगाचा हेतू सांगायला लागलो तर मागून कुणीतरी म्हणालं, "सापाचं विष तुमच्या लेकराला द्या की." माझी वाक्यं तुटायला लागली. तेव्हा तुम्ही उठलात. माईक मागितला नाहीत.

"माझं नाव मुनीरा. या प्रयोगाच्या परवानगीवर माझी सही आहे. मी सही केली, कारण किनवटकडं माणसं साप चावून मरतात, आणि मुळी खरी का खोटी हे कुणाला ठाऊक नाही. फोटो खरा आहे. तो बघून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुम्हाला राग आला ते चांगलं झालं. पण सगळे प्रयोग बंद करा म्हणू नका. आम्हाला जाब विचारा. मी इथं तो द्यायलाच आलेय."

मागच्या बाजूनं एक माणूस बसूनच बोलला. "बाई, तुमच्यात तर बकरे कापतात. तुम्हाला उंदरांचं काय पडलंय?"

सगळ्या माना तुमच्याकडं वळल्या. मला वाटलं, आता तुम्ही निघून जाल. मी असतो तर गेलो असतो.

"कापतात," तुम्ही म्हणालात. "माझे वडील कापायचे. आधी पाणी पाजायचे. सुरी लपवून न्यायचे. एकाच्या देखत दुसऱ्याला कापायचे नाहीत. आणि कापताना तोंड फिरवायचे नाहीत. मी एवढंच विचारते, त्या रविवारी त्या उंदरांसमोर कोण होतं?"

वकीलबाई माझ्याकडे वळल्या. "कदमसर, कोण होतं?"

माईक माझ्याच हातात होता. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी म्हणालो, "मी होतो. रजिस्टरमध्ये नोंद आहे."

तुम्ही खाली बसलात.

दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात तुमच्याविषयी छापून आलं, प्रयोगवाल्यांची वकिली करणाऱ्या बाई. कॉलेजात म्हणाले, या बाईनं बाहेर जाऊन आपली अब्रू काढली. तुमच्या गल्लीतही काहीजण नाराज झाले, चार लोकांत कापण्याचं कशाला काढायचं म्हणून. तिन्हीकडून तुम्हालाच ऐकावं लागलं. मला मात्र कुणी काही म्हटलं नाही. समितीनं चौकशी केली, माझं काम सहा महिने थांबवलं, आणि अहवालात लिहिलं, तांत्रिक बिघाड. त्या अहवालावर तुमचीही सही आहे, आपा. माझा राग त्या सहीवर आहे, पण त्याकडं मग येतो.

सहा महिन्यांनी पुन्हा सुरुवात झाली. नवे उंदीर, नवा जनरेटर, आणि दर तासाला दोन माणसांच्या सह्या. तुम्ही कितीतरी दुपारी स्टुलावर बसून काढल्यात. एकदा एक उंदीर आडवा झाला, मी घड्याळाकडं बघितलं, आणि तुम्ही हळूच म्हणालात, "वेळ झाली, सर." मी त्याला भूल दिली. तो शांत होईपर्यंत तुमचे ओठ हलत होते. काय म्हणत होतात ते मी विचारलं नाही.

मुळी चालली नाही. मुळी दिलेले आणि न दिलेले सारखेच मेले. मी शेवटचा तक्ता घेऊन बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "छापा हे."

"चाललं नाही ते कोण छापतं, आपा?"

"नाही छापलं तर उद्या दुसरा कुणीतरी हीच मुळी घेऊन असेच उंदीर मारील. त्याला कसं कळणार?"

छापलं. एका लहानशा नियतकालिकात. आणि तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. मला घेऊन किनवटच्या गाडीत बसलात. मुळी देणारे मडावीबाबा तुम्हाला खाटेवर बसा म्हणाले, तर तुम्ही खाली त्यांच्यासमोर बसलात. मी सगळं सांगितलं. विष, उंदीर, निकाल. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "लोकं माह्याकडं येते, साहेब. राती-बेराती येते. त्यायले मी काय देऊ मंग?"

मी हातातल्या कागदांकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "मुळीच द्या, बाबा. पण मुठीत द्या, तोंडात नक्को. आणि मूठ मिटली की पहिल्या गाडीत बसवा. सरकारी दवाखान्यात सुई असते, ती लागली पाहिजे. तुम्ही सांगितलं तर ते बसतील. आम्ही सांगितलं तर नाही बसणार."

म्हाताऱ्यानं स्वतःची मूठ मिटून बघितली. मग म्हणाला, "हे जमते."

परतीच्या गाडीत मी तुमच्याशी वाद घातला. मुळी निरुपयोगी आहे हे आपण सिद्ध केलं, आणि तुम्ही ती पुन्हा लोकांच्या हातात दिलीत. तुम्ही म्हणालात, घाबरलेल्या माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं. मी म्हणालो, ही अंधश्रद्धा आहे. तुम्ही म्हणालात, असेल, पण ती गाडीत बसून दवाखान्यात चाललीय. तो वाद मिटला नाही. मला अजूनही वाटतं, तुमचं चुकत होतं. पण पुढं एकदा किनवटच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन आला, तुम्ही गेला होतात त्या गावाकडचे लोक हल्ली मुठी मिटून येतात म्हणून. मला घरातल्या घरात हसू आलं होतं. ते मी तुम्हाला कळवायला हवं होतं.

नांदेड जवळ आलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "वडिलांना सांगितलं का, मुळी चालत नाही?"

"नाही."

"त्यांनी विचारलं तर खरं सांगा. नाही विचारलं तर आपण होऊन सांगायला जाऊ नका. ते समितीचं काम नाही." आणि स्टेशन आल्यावर पिशवी उचलता उचलता म्हणालात, "छापलंत त्यात पहिल्या उंदरांचं काही लिहिलं नाही तुम्ही."

"ते बिघाडात गेले, आपा. ते मोजत नाहीत."

"कोण मोजत नाही?"

मी तुमची पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागलो.

शेवटचा भेटलो तेव्हा तुम्ही पलंगावर टेकून बसला होतात. पायांवर सूज होती, बोलताना दम लागत होता. सुनेला सांगून मला खिचडी आणि चिंचेचा खट्टा वाढायला लावलंत. मी खात होतो आणि तुम्ही सहज विचारावं तसं विचारलंत, "सर, त्या रविवारी तुम्ही होतात ना तिथं?"

मी मान वर केली नाही. "होतो, आपा."

"बरं," तुम्ही म्हणालात. "खट्टा घ्या अजून."

चार दिवसांनी तुम्ही गेलात.

शोकसभेच्या आदल्या दिवशी तुमच्या घरी आलो तर ओट्यावर माणिकराव बसले होते. मला बघून उठले, पुन्हा बसले. म्हणाले, "सर, एक सांगाचं हाय. फोटो म्या काढला व्हता. तुमी नळावर व्हते तवा. कूलर बंद कसा, म्हनून माझ्यावर येईल, लई भेव वाटलं. लातूरला मेव्हना हाय, त्याला धाडला. त्यानं पेपरात देल्ला. मंग अजूनच घाबरलो अन् आपांकडं पळत आलो. समदं सांगतलं. तुमी चारला येताना फाटकावर दिसले ते बी. पेन बदलला ते बी."

"कधी?"

"पेपर आला त्याच सकाळी. तुमी यायच्या आधी."

म्हणजे मी तुमच्या पायरीवर उभा राहून ओरडत होतो तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. अहमदपूरला चहा पिताना ठाऊक होतं. लातूरच्या सभेत सगळ्यांसमोर विचारलंत तेव्हाही. खट्टा वाढायला लावलात तेव्हाही.

"त्या काय म्हणाल्या तुम्हाला?"

"म्हनल्या, माणिकराव, तुमी गप राहा, तुमची नोकरी जाईल. सर स्वतः सांगतील. म्या मधी मधी येऊन इचारायचो, सांगतलं का सरांनी. म्हनायच्या, आज न्हाई."

मी तसाच मागं फिरलो.

आता माझा राग सांगतो. तुम्ही त्या समितीत कशाला होतात? आमच्यावर नजर ठेवायला. माझं खोटं तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही तांत्रिक बिघाड या शब्दांखाली सही केलीत. माणिकरावांना वाचवायचं होतं, मान्य. पण त्यांचं नाव न घेता तुम्ही मला एकटं गाठून विचारू शकला असतात, कदम, तू खोटं लिहिलंस. मी कबूल झालो असतो. कदाचित नसतोही. तुम्ही मला इतकी वर्षं वाट दिलीत आणि मी त्या वाटेनं गेलो नाही. तुमचा हा चांगुलपणा त्या उंदरांच्या काही कामी आला नाही. त्यांची नोंद खोटी ती खोटीच राहिली. बघणाऱ्यानं बघूनही गप्प बसायचं, हे तुम्ही दुसऱ्या कुणाला करू दिलं असतंत का? नसतं दिलंत. त्याला तीन बैठका अडवून धरलं असतंत.

हे सगळं मनात घोळवत मी शोकसभेला बसलो होतो. आणि हेही खरं की माझ्यावर इतका वेळ विश्वास ठेवून कुणी थांबलेलं नाही. वडीलसुद्धा नाहीत. या दोन गोष्टी एकत्र कशा धरायच्या ते मला समजत नाही. तुम्ही असतात तर यावरही भांडलो असतो.

आज दुपारी समितीची बैठक होती. नेहमीची कामं झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. लग्न, कुलूप, चार वाजता परत येणं, बसून लिहिलेल्या नोंदी, बदललेला पेन, विजेची खोटी वेळ, लातूरला दिलेलं खोटं उत्तर. माणिकरावांचं नाव कुठं आलं नाही. प्राचार्यांचा चेहरा उतरला. "कदमसर, आता कशाला? प्रकरण मिटलंय. मॅडमही गेल्या." मी म्हणालो, ज्यात निकाल छापला त्या नियतकालिकाला मी सकाळीच पत्र पाठवलंय, त्याची प्रत समोर ठेवतो.

बराच वेळ चर्चा झाली. मला बाहेर बसवलं. परत बोलावलं तेव्हा सांगितलं की प्राण्यांवर काम करण्याची माझी परवानगी आजपासून काढून घेतली आहे, आणि पुढची चौकशी कॉलेज करेल. नोकरीचं काय होईल ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग लोहारे डॉक्टरांनी जुनं रजिस्टर मागवलं आणि त्या रविवारचं पान काढलं. म्हणाले, दुरुस्तीची नोंद करावी लागेल. "अकरापासून चारपर्यंत त्या जनावरांना काय झालं, तुम्ही सांगू शकता?"

"नाही," मी म्हणालो. "मला माहीत नाही. तिथं कोणी नव्हतं."

त्यांनी ते तसंच लिहिलं, प्रत्येक तासापुढं वेगळं, आणि रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. मी सगळ्या ओळी वाचल्या आणि खाली सही केली.